मिडी फाईल उघडली की नोटेशनचा गोंधळ का होतो?

प्रश्न: कीबोर्डवर वाजवून मिडी फाईल सेव्ह केली, ऐकायला मस्त वाटते पण म्यूझस्कोरमध्ये (नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) उघडली की बारीक बारीक विराम आणि टायच टाय (दोन स्वर जोडणाऱ्या कमानी) दिसतात. फाईल खराब झालीय का?

उत्तर: अजिबात नाही, फाईल ठणठणीत आहे. मिडीत आवाजही नसतो आणि लिहिलेलं नोटेशनही नसतं, कुठली पट्टी कधी दाबली, कधी सोडली आणि किती जोरात (१ ते १२७) हेच मुख्यतः असतं. समजा एका मात्रेचे ४८० टिक (मिडीतलं वेळेचं सगळ्यात छोटं माप) आहेत, तुमचं बोट ४७१ वरच, म्हणजे ९ टिक आधी पडलं, तर कानाला कळतही नाही पण सॉफ्टवेअर ते ९ टिक इमानदारीत लिहायला बघतं आणि मग तो कचरा दिसतो.

आधी पियानो रोलमध्ये (स्वर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात तो एडिटर) क्वांटाइझ करा, म्हणजे स्वर ठराविक वेळेच्या चौकटीवर (ग्रिड) सरकवा, तुकड्यातला सगळ्यात छोटा स्वर बघून ग्रिड निवडा, सरसकट १/१६ लावलंत तर ट्रिपलेटची (दोनाच्या वेळात तीन स्वर) पार वाट लागते. मेट्रोनोमशिवाय वाजवलं असेल तर मात्र आधी टेम्पो मॅप (कुठे किती वेग आहे याचा आराखडा) तुमच्या वाजवण्याशी जुळवा, नाहीतर स्वर भलत्याच मात्रेवर जाऊन बसतात. आणि मूळ फाईलची कॉपी ठेवाच हं, त्या ९ टिकांतच तुमच्या हाताची लय आहे, ऐकायला ती मूळ फाईलच वापरा.