बॅजिओ आजही का आवडतो?

लहानपणी ज्या फुटबॉलपटूला डोक्यावर घेतले, त्याच्याबद्दलची ओढ खेळ नीट कळू लागल्यावरही टिकते का, असा प्रश्न कधीकधी विचारला जातो. माझ्यापुरते उत्तर होकारार्थी आहे आणि तो खेळाडू म्हणजे इटलीचा रॉबर्टो बॅजिओ. ओढ टिकली, मात्र तिची कारणे पार बदलली.

१९९४च्या विश्वचषकाच्या वेळी मी शाळकरी वयाचा होतो आणि मला त्याचे फक्त गोल दिसत होते (आणि अर्थातच मानेवरची ती वेणी). बाद फेरीत नायजेरियाविरुद्ध दहा खेळाडूंनिशी खेळणारी इटली हरण्याच्या बेतात असताना त्याने ८८व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि जादा वेळेत पेनल्टीवर सामना जिंकून दिला. त्यानंतर स्पेनविरुद्ध अखेरच्या मिनिटांतला विजयी गोल त्याचा आणि उपांत्य फेरीत बल्गेरियाविरुद्ध इटलीचे दोन्ही गोलही त्याचेच. त्या वयात एवढे पुरेसे असते.

आज त्याचे नाव काढले की बहुतेकांना ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात क्रॉसबारवरून गेलेली पेनल्टीच आठवते आणि याचा मला अजूनही राग येतो. त्याच्याआधी त्याचा सहकारी बरेसीचा फटकाही वरूनच गेला होता आणि दुसरा सहकारी मसारोचा ब्राझीलचा गोलरक्षक तफारेलने अडवला होता. बॅजिओने गोल केला असता तरी शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर दोन्ही संघांनी आळीपाळीने प्रत्येकी पाच पेनल्टी मारून निकाल लावण्यात) ३-३ अशी बरोबरीच झाली असती आणि ब्राझीलची पाचवी पेनल्टी शिल्लक होती. शिवाय उपांत्य सामन्यात मांडीचा स्नायू दुखावल्याने त्याला मैदान सोडावे लागले होते आणि अंतिम सामना तो तशाच अवस्थेत खेळला.

मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते १९९८. फ्रान्समधील विश्वचषकात चिलीविरुद्ध इटली १-२ अशी मागे असताना, सामना संपत आलेला असताना पेनल्टी मिळाली आणि ती घ्यायला बॅजिओच पुढे आला. गोल झाला, बरोबरी झाली. पुढे उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध शूटआउटची वेळ आली तेव्हा इटलीची पहिली पेनल्टीही त्यानेच घेतली आणि ती चुकवली नाही. इटली त्या दिवशीही हरली, पण चार वर्षे एका फटक्यावरून बोलणी खाल्लेला माणूस पुन्हा त्याच जागी उभा राहतो, हे शाळकरी वयात मला फारसे जाणवले नव्हते.

त्याचे सगळेच वागणे मला पटते असे नाही. १९९० साली फिओरेंटिना या फ्लोरेन्सच्या क्लबने त्याला युव्हेंटस या तुरिनच्या क्लबला विकले तेव्हा फ्लोरेन्समध्ये चाहत्यांनी दंगल केली होती. पुढच्या वर्षी युव्हेंटसकडून फिओरेंटिनाच्याच मैदानावर खेळताना त्याने पेनल्टी घ्यायला नकार दिला. गोलरक्षक आपल्याला चांगला ओळखतो, असे कारण त्याने दिले. दुसऱ्याने घेतलेली पेनल्टी अडवली गेली आणि युव्हेंटस हरले. बदली होऊन बाहेर जाताना त्याने प्रेक्षकांतून आलेला फिओरेंटिनाचा स्कार्फ उचलला. युव्हेंटसचा चाहता असतो तर मी त्याला माफ केले नसते. तटस्थपणे पाहताना मात्र त्याची घालमेल समजते.

पण आदर टिकायला शेवटी खेळच लागतो. तारुण्यातच गुडघ्याला गंभीर दुखापत झालेल्या या खेळाडूने उतारवयात ब्रेशियासारख्या छोट्या क्लबकडून जे केले, त्यातला एक गोल मी अजूनही थांबवून थांबवून पाहतो. एप्रिल २००१, तुरिन, समोर युव्हेंटस. ब्रेशियाचा तरुण सहकारी पिर्लो मैदानाच्या मध्यातून लांब, उंच पास देतो. बॅजिओ गोलच्या दिशेने धावत असतो आणि चेंडू त्याच्या मागून, खांद्यावरून येतो. तो चेंडू आधी थांबवून मग वळत नाही. चेंडू खाली येता येता एकाच हलक्या स्पर्शात तो त्याला गोलरक्षक व्हॅन डेर सारच्या बाजूने वळवतो आणि पुढच्या स्पर्शात रिकाम्या जाळ्यात सरकवतो. चेंडू ताब्यात घेणे आणि गोलरक्षकाला चकवणे, ही दोन कामे त्याने एकाच स्पर्शात उरकली. लहानपणी मला यात फक्त नशीब दिसले असते.

त्याचे जुने सामने पाहायचे असतील, तर पॅसाडेनात झालेल्या १९९४च्या त्या अंतिम सामन्याऐवजी या गोलापासून सुरुवात करावी.