पहिलाच रिपीटर बसवतोय, ५० वॅटचा घेऊ की १०० वॅटचा?

तुम्ही लिहिलंय की हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना नुकताच हातात आलाय, गावामागच्या डोंगरावर क्लबसाठी दोन मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) रिपीटर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत सोडणारं यंत्र, लावायचंय, आणि ५० वॅटचा घ्यावा की १०० वॅटचा, कुठल्या कंपनीचा, हे कळत नाहीये. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: दहा वॅटवर चालवा आणि उरलेले सगळे पैसे डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) आणि केबलमध्ये घाला. कंपनी हा शेवटचा प्रश्न आहे.

इतक्या ठामपणे लिहितोय, कारण २२ जुलै २०२१ ची, चिपळूणच्या महापुराची सकाळ मी आमच्या रिपीटरच्या खोलीत काढली आहे.

आमचा रिपीटर चिपळूणच्या दक्षिणेला एका डोंगरावर, देवस्थानच्या धर्मशाळेच्या मागच्या खोलीत होता. तो उभा करताना क्लबच्या बैठकीत पॉवरवरून मोठा वाद झाला. आमचे ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी निम्मा खर्च स्वतःच्या खिशातून केला होता. त्यांचं म्हणणं, आवाज रत्नागिरीपर्यंत दणदणीत गेला पाहिजे, ५० वॅटच्या खाली नको. मी म्हणत होतो की १० वॅट पुष्कळ झाले, आधी डुप्लेक्सर चांगला घेऊ. पैसे त्यांचे, मान त्यांचा, मी गप्प बसलो. सेट ५० वर लावला, आणि हातात उरलेल्या पैशांत अॅल्युमिनियमच्या पायपांचा घरगुती डुप्लेक्सर बनवून घेतला. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली बसून तो ट्यून केला.

दोन वर्षं सगळे खूश होते. रत्नागिरीला फुल सिग्नल, गुहागरला फुल सिग्नल. हँडीवरून, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवरून, बोलणाऱ्या पोरांची तक्रार असायची, की रिपीटर उघडतो पण आमचं बोलणं जात नाही. त्यांना सांगितलं जायचं की चांगली अँटेना घ्या.

मग ती रात्र आली. वाशिष्ठीचं पाणी पहाटेच गावात शिरलं, वीज गेली, मोबाइलचे टॉवर एकेक करून बंद पडले. बाजारपेठेत आमच्या क्लबचा एक मुलगा राहायचा, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. त्याच्याकडे पाच वॅटची हँडी आणि तिच्यासोबत आलेली रबरी अँटेना, बाकी काही नाही. मी सावर्ड्याला घरात सेट लावून बसलो होतो. सकाळी सातच्या सुमारास रिपीटर उघडला आणि एवढंच ऐकू आलं: ‘...करा मा...’ मग दोन सेकंद नुसता कोरा कॅरिअर, म्हणजे आवाजाशिवायचा सिग्नल. रिपीटर बंद झाला. लगेच परत उघडला: ‘...ळंतीण...’ परत दोन सेकंद शांतता. असं जवळजवळ पाऊण तास. कुठेतरी बाळंतीण अडकली आहे एवढं समजलं. कुठली इमारत, कितवा मजला, काही नाही. रत्नागिरीहून अण्णा त्याच्यावर बोलायला जायचे, त्यांचा आवाज खणखणीत यायचा. ते म्हणत होते, पॉवर कमी पडतेय, मी तेव्हाच अॅम्प्लिफायर लावा म्हणत होतो.

मला तो आवाज ऐकूनच कळलं होतं काय होतंय. मुलाचा सिग्नल आला की रिसीव्हर उघडतो, मागोमाग आपला ट्रान्समीटर चालू होतो, आणि त्याचा गोंगाट त्याच डुप्लेक्सरमधून रिसीव्हरमध्ये शिरून मुलाचा सिग्नल बुडवतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना रिसीव्हर मुका ठेवणारी झडप) बंद होतो, सिग्नल गेल्यावरही ट्रान्समीटर चालू ठेवणारी शेपटीची दोन सेकंदं संपतात, ट्रान्समीटर पडतो, रिसीव्हरचे कान मोकळे होतात आणि मुलगा परत ऐकू येतो. अर्ध्या अक्षरापुरता. ट्रान्समीटर सुरू असताना रिसीव्हर बहिरा होणं, यालाच आपण डिसेन्स म्हणतो.

गाडी पायथ्यापर्यंत गेली, पुढची चाळीस मिनिटं पायी. वाटेचा ओढा झाला होता. वर पोचल्यावर खोलीत शिरण्याआधी हँडीचं रिव्हर्सचं बटण दाबलं, म्हणजे रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो त्या इनपुटवर थेट ऐकू लागलो. तो मुलगा लख्ख येत होता, एकही शब्द न गाळता. त्याच डोंगरावर माझ्या हातातल्या हँडीला तो ऐकू येतोय आणि बारा मीटर उंच अँटेना लावलेल्या रिपीटरला येत नाही! आत जाऊन ट्रान्समिटच्या सेटचं पॉवरचं बटण ५० वरून १० वर आणलं. मुलगा टिकायला लागला, मागे खरखर होती. ५ वर आणलं. खरखरही गेली.

तो म्हणाला, अकरा माणसं आहोत, एक बाळंतीण आणि नऊ दिवसांचं बाळ आहे, पाणी पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर आहे, एकूण अठरा पायऱ्या आहेत. इमारतीचं नाव सांगितलं, मागची गल्ली सांगितली. दर पंधरा मिनिटांनी तो पायरीचा आकडा देत राहिला: आठ, दहा, दहा, अकरा. आणि हा सगळा निरोप रत्नागिरीला अण्णांनीच लिहून घेतला, पाच वॅटवर, आणि फोन करून कंट्रोल रूमला दिला. संध्याकाळी होडी आली. ती आमच्या निरोपामुळेच आली असं मी म्हणणार नाही, गावात त्या दिवशी शेकडो लोक आपापल्या परीने माणसं काढत होते. पण मी वर पोचेपर्यंत तो मुलगा तेच तेच ओरडत होता आणि आम्ही ऐकू शकत नव्हतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता तुमच्या कामाचं बोलू. दोन मीटरवर रिपीटरच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. एकाच अँटेनावर ५० वॅट सोडायचे आणि त्याच वेळी एका वॅटच्या एक हजार अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग असलेला सिग्नल ऐकायचा. दोन्हींमधलं प्रमाण काढलंत तर पाचावर सोळा शून्यं येतात. डुप्लेक्सरचं काम हेच, आणि दोन मीटरला तो साधारण ८५ डेसिबल तरी वेगळेपण देणारा हवा. म्हणजे सहा कॅव्हिटींचा (ट्यून केलेल्या धातूच्या नळकांड्यांचा), माणसाच्या कमरेएवढ्या उंचीचा. ऑनलाइन मिळणारा वहीएवढा चपटा डुप्लेक्सर व्हीएचएफचा (दोन मीटर ज्यात येतो त्या पट्ट्याचा) म्हणून विकतात, त्याला इनपुट-आउटपुटमध्ये पाच मेगाहर्ट्झच्या आसपास अंतर लागतं. ६०० किलोहर्ट्झला तो चालत नाही, विकणारा काहीही सांगो.

दिवाळीत आमचा डुप्लेक्सर खाली आणून नॅनो व्हीएनएवर (फिल्टर मोजण्याच्या छोट्या यंत्रावर) मोजला. त्या यंत्राची झेप साधारण ७० डेसिबलची, म्हणून पूर्ण डुप्लेक्सर त्यावर मोजून उपयोग नाही, एकेक कॅव्हिटी सुटी करून मोजावी लागते. सहांपैकी तीन नॉच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या खाचा, जागेवरून सरकल्या होत्या. त्यात नवल नाही. अॅल्युमिनियम तापलं की वाढतं. १४५ मेगाहर्ट्झला २० अंशांच्या फरकाने नॉच साठ-सत्तर किलोहर्ट्झ सरकते, आणि नॉच असते सुईसारखी बारीक. मेच्या उन्हात ट्यून केलेला डुप्लेक्सर जुलैच्या पहाटे वेगळाच असतो. चांगल्या कॅव्हिटीत ट्यूनिंगचा दांडा इन्व्हार या मिश्रधातूचा असतो, तो तापमानाने जवळपास हलत नाही. जुना घ्या, डाग पडलेला घ्या, पण इन्व्हारवाला घ्या. आणि ट्यूनिंग रात्री, खोलीच्या तापमानाला करा.

दुसरी चूक माझी स्वतःची. टॉवरवर अर्ध्या इंचाची हेलिअॅक्स केबल ओढली होती, आणि डुप्लेक्सर ते सेट हा शेवटचा दीड फूट आरजी-५८ या पातळ केबलने जोडला होता. तिची जाळी विरळ असते, सिग्नल गळतो. कपाटातल्या कपाटात ट्रान्समिटची गळती रिसीव्हच्या केबलमध्ये शिरली की डुप्लेक्सर कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. तिथे दुहेरी जाळीची आरजी-२२३ किंवा आरजी-१४२ वापरा. एलएमआर-४०० बाकी सगळीकडे उत्तम, पण रिपीटरच्या फिडरला (अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलला) नको. तिच्यात फॉइल आणि जाळी वेगवेगळ्या धातूंची असतात, काही वर्षांनी एकाच वेळी बोलणं-ऐकणं चालू असताना ती खरखर निर्माण करते.

सेट म्हणाल तर दोन जुने व्यावसायिक मोबाइल सेट, एक ऐकायला, एक बोलायला, मध्ये साधा कंट्रोलर. त्यांचा रिसीव्हर बाजूच्या फ्रिक्वेन्सीच्या माराला टिकतो. ५० वॅटचा मोबाइल सेट सतत ५० वॅट द्यायला बनवलेला नसतो, मिनिटभर बोलून थांबणाऱ्या गाडीवाल्यासाठी असतो. रिपीटरला लोक तासन्‌तास दाबून ठेवतात. १० वर चालवून मागे पंखा लावा, वर्षानुवर्षं चालेल. टाइमआउट (एका दमात बोलायची मर्यादा) तीन मिनिटांचा ठेवा आणि टोन (जो असल्याशिवाय रिपीटर उघडत नाही तो बारीक सूर) पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लावला की सगळ्यांचे सेट परत प्रोग्रॅम करत फिरावं लागतं.

पॉवर ५० वरून १० वर आली म्हणजे ऐकणाऱ्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम एक-सव्वा एस-युनिट कमी. उंची मात्र सगळं ठरवते. तीनशे मीटरच्या डोंगरावरून हातातल्या सेटपर्यंत रेडिओचं क्षितिज ७५ किलोमीटरच्या आसपास जातं, मध्ये दुसरा डोंगर नसेल तर. जो तुमच्यापर्यंत पाच वॅटनेच पोचणार आहे, त्याला तुम्ही शंभर वॅटने उत्तर देऊन काय साधणार?

बसवल्यावर ही चाचणी केल्याशिवाय खाली उतरू नका. कुणाला तरी हँडी घेऊन इतकं लांब पाठवा की त्याचा आवाज थोडा खरखरत येईल. रिसीव्हरचा स्क्वेल्च उघडा ठेवा आणि ट्रान्समीटर हाताने चालू-बंद करा. चालू करताच खरखर वाढली तर डिसेन्स आहे. मग ट्रान्समीटर डुप्लेक्सरऐवजी डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या भारावर) जोडून तेच करा. तरीही वाढली तर गळती कपाटात किंवा केबलमध्ये आहे, नाहीशी झाली तर दोष डुप्लेक्सर, फिडर किंवा अँटेनात शोधा. आम्ही ही चाचणी दोन वर्षांत एकदाही केली नव्हती. मी स्वतः केली नव्हती.

अर्थिंग जांभ्यावर उन्हाळ्यात कोरडं पडतं, एका खड्ड्यावर विसंबू नका. आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर जुलैत सोलर धरू नका. १०० अँपिअर-तासांची बॅटरी आणि दहा वॅटचा सेट, एवढ्यावर वीज गेल्यावर दोन-तीन दिवस निघतात, बोलणाऱ्यांनी आवरतं घेतलं तर. ५० वॅटवर तीच बॅटरी दिवसभर गप्पा झाल्या की बसते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रिपीटरला तुमच्या वैयक्तिक परवान्याखेरीज जागेसह वेगळी परवानगी लागते, दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडून (केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेकडून), आणि तिला वेळ लागतो. म्हणून अर्ज आधी, खरेदी नंतर. तुमच्या परवान्यातली पॉवरची मर्यादाही वाचून घ्या. यूएचएफचा (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) पर्याय असेल तर वरचं बरंच बदलतं: तिथे इनपुट-आउटपुटमध्ये अंतर बरंच जास्त ठेवता येतं, छोटा डुप्लेक्सर चालतो, खर्चही कमी होतो, पण दाट झाडीत आणि खोल दऱ्यांत तो व्हीएचएफइतका पोचत नाही. सपाट तालुक्यासाठी मी यूएचएफच सुचवीन. आणि तुमचे सगळे सभासद पाच-सात किलोमीटरच्या आतच असतील, तर रिपीटर नकोच, प्रत्येकाने घरावर चांगली अँटेना लावावी.

अण्णा आजही म्हणतात की त्या दिवशी बॅटरी बसली होती, म्हणून पॉवर कमी केल्यावर रिपीटर चालला. त्यांचं वय आणि त्यांचे उपकार दोन्ही मोठे आहेत, त्यांच्यासमोर मी वाद घालत नाही. पण तुम्ही हे वाचून कुणाला तरी सांगाल, म्हणून लिहून ठेवतो. पॉवर कमी करण्याआधी, ट्रान्समीटर ५० वॅटवर चालू असताना, मी बॅटरीला मीटर लावला होता. १२.२ व्होल्ट होते. तो आकडा खोलीतल्या वहीत आहे, पावसाने शाई पसरलीय पण वाचता येतो. आणि दिवाळीत, विजेवरच्या १३.८ व्होल्टच्या सप्लायवर, डुप्लेक्सरला हात लावण्याआधी तोच सेट परत ५० वर केला. त्याच मुलाला त्याच गच्चीवर उभं केलं होतं. परत अर्धीच अक्षरं आली.