पीएसए ५.२ : व्याह्यांचं ऐकू की मुलाचं?

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. वय ६६, वीज कंपनीतून निवृत्त, मनीषनगरला राहतो. हेल्थ पॅकेजमध्ये पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ५.२ आला. रिपोर्टवर ‘नॉर्मल ४ पर्यंत’ असं छापलंय. मुलानं मोबाईलवरच्या रिस्क कॅल्क्युलेटरमध्ये वय आणि पीएसए टाकला, तर प्रोस्टेट कॅन्सरची शक्यता २२ टक्के निघाली. व्याही म्हणतात, लगेच बायोप्सी करा. मुलगा म्हणतो, ७८ टक्के काहीच नाही, निवांत राहा. शुगर, बीपी आणि दीड वर्षापासून लघवीसाठी टॅम्सुलोसिन-ड्युटास्टेराइड अशा गोळ्या सुरू आहेत. धाकटा भाऊ ६० चा आहे, त्यानंही तपासावं का?

उत्तर : पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शुगर-बीपीच्या रांगेत बसवून टाकलीत. लघवीच्या गोळीतलं ड्युटास्टेराइड वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणून अशा पेशंटचा आकडा डॉक्टर दुप्पट करून वाचतात. तुमचा ५.२ म्हणजे दहाच्या घरातला समजायचा. मुलानं गोळीचं काही भरलंच नसेल, तर ते २२ टक्के तुमचे नाहीतच.

आता त्या ४ चं. नागपुरात पारा ४४.९ वर असला की उकाडा नाही आणि ४५ ला गेला की आहे, असं कुणी म्हणतं का? पीएसएचंही तसंच. रिपोर्टवरच्या त्या रेषेपाशी कॅन्सर सुरू होत नाही. एरवी बायोप्सी पीएसए वाढलेल्यांचीच होते, त्यामुळे कमी पीएसए असलेल्यांत काय दडलंय हे कळायला मार्ग नसतो. अमेरिकेतल्या ‘प्रोस्टेट कॅन्सर प्रिव्हेन्शन ट्रायल’मध्ये मात्र सात वर्षांनी पीएसए न बघता सरसकट बायोप्सी करायचं ठरलं होतं. त्यात पीएसए कधीच ४ च्या वर न गेलेले २,९५० पुरुष निघाले आणि त्यांच्यातल्या १५ टक्क्यांना कॅन्सर सापडला. २००४ साली हे छापून आलं. मी मेडिकलच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायचे, तेव्हा हा पेपर हमखास काढायचे. असा डेटा रोज रोज हाती लागत नाही. त्यावरूनच २००६ मध्ये एक गाजलेला रिस्क कॅल्क्युलेटर बनला.

पण त्यातले पुरुष बहुतांश गोरे अमेरिकन. कॅल्क्युलेटरनं ज्या शंभर जणांना २२ टक्के सांगितले, त्यांतल्या साधारण बावीस जणांना खरंच कॅन्सर निघाला, तर तो कॅल्क्युलेटर खरा. तिकडे खरा ठरलेला इकडेही ठरेलच असं नाही. आपल्याकडे हा कॅन्सर तिकडच्यापेक्षा कमी, त्यामुळे तो आपल्या लोकांना उगाच जास्त धोका दाखवू शकतो. तुमच्या गोळीमुळे चूक उलट्या बाजूला होते. दोन्ही चुका एकमेकींना फेडतील, या भरवशावर मात्र राहू नका. शिवाय मुलाला एक विचारा : हे २२ टक्के कुठल्याही कॅन्सरचे, की आक्रमक कॅन्सरचे? पुष्कळ प्रोस्टेट कॅन्सर इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो.

तेव्हा मुलाचं ऐकून निवांत राहू नका आणि व्याह्यांचं ऐकून थेट टेबलावरही जाऊ नका. गोळीची स्ट्रिप आणि जुने पीएसए असतील तेवढे घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा. लघवीत इन्फेक्शन असेल तरी पीएसए चढतो, तेही ते बघतील. मग पुन्हा पीएसए आणि एमआरआय. एमआरआयमध्ये संशयास्पद जागा दिसली तर बायोप्सी नेमकी तिथली घेता येते. व्याह्यांना सांगा, नंबर लावलाय.

भावाचं म्हणाल, तर सगळ्यांनी तपासलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या मोठ्या चाचणीत २३ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावल्यावर एक मृत्यू टळलेला दिसला. फायदा आहे, पण तेवढाच. साठीला एकदा केलेली टेस्ट मात्र बरंच सांगून जाते. स्वीडनमधल्या माल्मोच्या अभ्यासात ६० व्या वर्षी पीएसए १ किंवा त्याखाली असलेल्यांना ८५ पर्यंत या कॅन्सरनं मृत्यू येण्याची शक्यता ०.२ टक्के निघाली. भावाचा आकडा तेवढा आला, तर दर दिवाळीला पॅकेजात पैसे घालायची गरज नाही. तुम्हाला कॅन्सर निघालाच तर सख्खा भाऊ म्हणून त्यांचा धोका वाढलेला धरतात, तेव्हा तुमचा निकाल त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून कळवा.