पर्वरीतील फ्लॅट : हिशेब उलट्या बाजूने मांडून पाहा

आपण गोव्यात पर्वरीला ८० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट ६० लाखांचे कर्ज काढून घेऊ पाहता आणि तो पर्यटकांना रात्रीला ३,५०० रुपयांप्रमाणे महिन्याला वीस रात्री गेला तर हप्ता निघेल का, असे विचारले आहे. रात्रीचा दर आणि वीस रात्री, हे दोन्ही आकडे दलालाने दिलेले आहेत आणि त्याची दलाली खरेदीखतावर सही होताच वसूल होते, एवढे आधी लक्षात घ्यावे.

किती उत्पन्न येईल असे न विचारता, किती रात्री गेल्या तर घर स्वतःचा भार उचलेल, असे मी विचारतो. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ६० लाखांचा हप्ता सुमारे ५२,००० रुपये बसतो. त्यात सोसायटीचे महिना ३,००० धरले की वर्षाचा बोजा ६ लाख ६० हजारांच्या आसपास जातो. रात्रीच्या ३,५०० मधून पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्याचा चौथा हिस्सा आणि सफाई, चादरी, लाइट बिल यांचे अंदाजे ५०० वजा केले, तर हाती २,१२५ उरतात. भागाकार ३११ रात्री येतो. आपल्या हिशेबात २४० आहेत. म्हणजे दलालाचा शब्द अक्षरशः खरा ठरला तरी हप्ता निघत नाही.

आता ते २४० तपासू. पर्वरीत सचिवालय आणि विधानसभा आहे. तिथे घर शोधणारा बहुधा नोकरदार असतो, तर सुट्टीवर आलेल्याला कळंगुट-कांदोळीचा किनारा जवळ हवा असतो. ऑक्टोबर ते मार्च महिना १५ रात्री, उरलेल्या काळात २,००० रुपयांनी महिना सहा रात्री, असे धरले तर सोसायटीचे वर्षाचे ३६,००० आणि दुरुस्तीचे २५,००० जाऊन वर्षाला १ लाख ६६ हजार उरतात. तोच फ्लॅट नोकरदार कुटुंबाला २२,००० रुपये भाड्याने अकरा महिने दिला, तर तेच खर्च जाऊन १ लाख ८१ हजार राहतात, शिवाय घरपट्टी भरल्यावर उरणाऱ्या भाड्यावर आयकरात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. हे भाडेही माझे गृहीतकच आहे. त्याच इमारतीतील दोन भाडेकरूंना विचारून ते पक्के करावे.

दुरुस्तीच्या रकमेला मात्र कात्री लावू नये. माझा मडगावचा फ्लॅट पहिल्याच पावसाळ्यात तीन महिने बंद राहिला. उघडला तेव्हा कपाटांना आतून बुरशी आली होती आणि गाद्या टाकून द्याव्या लागल्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत एसीचे बाहेरचे युनिट किती लवकर गंजते, हे विक्रीच्या माहितीपत्रकात कोणी छापत नाही. म्हणून आषाढातील एखाद्या रात्री आठ वाजता त्या इमारतीखाली उभे राहून किती खिडक्यांत दिवे आहेत, ते स्वतः मोजावे.

पर्यटकांना घर द्यायचे तर १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि सोसायटीची त्याला हरकत नाही ना, हे बयाणा देण्यापूर्वी लेखी घ्यावे. त्याच इमारतीत पर्यटकांना घर देणाऱ्या एखाद्या मालकाचा नोंदणी दाखला आणि त्याच्या मागील दोन पावसाळ्यांतील जमेचा बँक उतारा दलालाने दाखवला, तर २४० या आकड्यावर पुन्हा बोलू.