क्लेम नाकारल्याचं पत्र कधी आलं, ते आधी बघा

कोथरूडच्या एका वाचकांचा मेल आलाय. बायकोच्या उलट्या थांबेनात म्हणून रात्री ॲडमिट केलं, सलाईन लावलं, सकाळी ग्लुकोजचं पाणी पाजून श्वासाची टेस्ट केली, त्यात लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढल्याचं निघालं आणि औषध सुरू झालं. मेडिक्लेम कंपनी म्हणते ॲडमिशन फक्त तपासणीसाठी होतं, पैसे मिळणार नाहीत. असे मेल सारखे येतात, टेस्ट तेवढी वेगळी असते.

फक्त तपासणीसाठीच्या भरतीचे पैसे न देण्याच्या पॉलिसीतल्या कलमावर भांडता येईल, पण तुमच्या केसमध्ये आधी तारीख. कंपनीच्या तक्रार विभागानं गेल्या ऑगस्टमध्ये लेखी नकार दिला आणि तुम्ही तेव्हापासून कस्टमर केअरला मेलवर मेल टाकत बसलात. अहो, रिमाइंडरनी मुदत वाढत नाही! विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायला त्या नकारापासून एक वर्ष मिळतं आणि आता जून उजाडलाय. ऑफिस आपल्या नारायण पेठेत, केळकर रोडवर आहे, फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही, याच आठवड्यात अर्ज द्या.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे हे खरं, पण कायदा तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो आणि तारखा पडत राहतात वर्षानुवर्षं, संताप येतो बघून. शिवाय तिथे केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, तेव्हा आधी लोकपाल.

आता कंपनीचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाहीये, कारण ही टेस्ट ओपीडीत बसूनही होते, दर 15-20 मिनिटांनी फुंकायचं, बस. 90 मिनिटांच्या आत श्वासातला हायड्रोजन 20 पीपीएमनी (दहा लाखांत 20 भाग) वाढला हा तुमचा रिपोर्ट आजार दाखवतो, भरती का करावी लागली ते नाही दाखवत. ते दिसतं कॅज्युअल्टीच्या कागदावर, किती वाजता आणलं, बीपी किती होतं, सलाईन कधी लावलं. इनडोअर केस पेपर, म्हणजे भरती असतानाच्या नोंदी, हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून मागा, 72 तासांत द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्डावर 'फॉर इव्हॅल्युएशन', म्हणजे तपासणीसाठी, असं लिहिलंय ते घरी नेण्याआधी वाचायला हवं होतं, आता त्यावर खाडाखोड नको, भरतीचं कारण सांगणारं डॉक्टरांचं वेगळं पत्र घ्या.

पूर्ण रक्कम मिळेलच असं पॉलिसी न बघता मी सांगणार नाही. पण पेपर मिळायला वेळ लागला म्हणून अर्ज अडवून ठेवू नका, हातात आहे तेवढं जोडून द्या आणि पोच घ्या.