वेग एक्समध्ये दिलाय, तर नुसतं डिफरन्शिएट करून त्वरण मिळत नाही

तुझी पोस्ट वाचली आणि अकरावीतली माझी वहीच डोळ्यांसमोर आली. व्ही = २एक्स + १ दिलंय (व्ही म्हणजे वेग, एक्स म्हणजे वस्तूचं स्थान), एक्स = ३ मीटरला त्वरण विचारलंय, तू डिफरन्शिएट करून २ लिहिलंस आणि मागे उत्तर १४ आहे. मी हीच चूक जवळजवळ वर्षभर करत होतो.

डिफरन्शिएशन तुला येतंय, ते सोडून देतो. प्रश्न कशाच्या संदर्भात केलंस हा आहे. तुझ्या २ चं एकक लिहून बघ. मीटर पर सेकंद भागिले मीटर, मीटर उडाला, उरलं नुसतं पर सेकंद, मग ते त्वरण कसं असेल? ते सांगतं की दर मीटरला वेग २ ने वाढतो. पण एक्स = ३ ला वस्तू ७ मीटर पर सेकंदने पळतेय, म्हणजे त्या क्षणी सेकंदाला ७ मीटर या दराने अंतर कापतेय, म्हणून ७ गुणिले २, १४. चेन रूल म्हणतात तो हाच.

मला हे कोणी सांगितलंच नाही. क्लासच्या डाउट काउंटरवर दोनदा रांगेत उभा राहिलो, दोन्ही वेळा "एक्स दिसला की व्हीने गुण, फॉर्म्युला आहे" एवढं सांगून वही परत. मग मी वेग टीमध्ये, म्हणजे वेळेत, दिलेल्या गणितातही व्हीने गुणायला लागलो आणि बरोबर येणारी गणितंही चुकायला लागली. फी भरून आलेल्या पोराला दोन मिनिटं देता येत नसतील तर ते काउंटर ठेवताच कशाला, अजून राग येतो.

बरं, टीमध्ये असेल तर आधी डिफरन्शिएट, किंमत नंतर. आधीच टी = २ टाकलास तर नुसता आकडा उरतो आणि त्याचं डिफरन्शिएशन शून्य. आणि नववीतलं व्ही = यू + एटी इथे अजिबात लावू नकोस, ते त्वरण स्थिर असेल तरच. मी शिक्षक नाही हां, पेपरात किती स्टेप्स दाखवायच्या ते तुझ्या सरांना विचार.

तुझं दुसरं गणित, व्हीचा वर्ग = १६ − ४एक्स, त्यात वर्गमूळ काढत बसू नकोस. दोन्ही बाजू तशाच एक्सने डिफरन्शिएट कर, डावीकडे २ गुणिले व्ही गुणिले डीव्ही बाय डीएक्स (दर मीटरला वेग किती बदलतो ते) येतं, म्हणजे त्वरणाची दुप्पट, उजवीकडे −४. त्वरण −२, एक्स कितीही असो.