वाचक विचारतात: क्ले मारताना गाडीवर काय फवारायचं?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी काळी हॅचबॅक आहे, वास्कोत बंदराच्या बाजूला रस्त्यावरच उभी असते. शॅम्पूने धुतली तरी बोनेटवर आणि टपावर हात फिरवला की खरखर लागते. क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलायची ती मऊ मातीसारखी वडी, आणलाय पण त्याच्याबरोबर ल्युब, म्हणजे ती घसरावी म्हणून फवारायचं लिक्विड, आलं नाही. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो साधं पाणी पुरे, माझा भाऊ म्हणतो भांड्यांचं लिक्विड घाल पाण्यात, आणि पणजीला एका दुकानात क्ले ल्युबची वेगळी बाटली बघितली ती क्लेपेक्षा महाग. नक्की काय घेऊ? काळा रंग असल्याने ओरखड्यांची भीती वाटते.
– एक वाचक, वास्को

उत्तर : भीती वाटते ते बरोबरच आहे, काळ्या रंगावर बारीकसा ओरखडा पण उन्हात लगेच दिसतो. क्ले दिसायला मऊ पण तिच्यात एकदम बारीक घासणारे कण असतात. जपानच्या ताडाओ कोदाते यांना १९९५ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं त्यात तिला लवचिक ग्राइंडिंग स्टोनच म्हटलंय. आणि ज्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, आपण ती फिरवणार तो जेमतेम ४०-५० मायक्रॉन जाड असतो. म्हणून मी तर म्हणेन क्ले कुठली घेतली यापेक्षा तिच्याखाली काय आहे आणि किती आहे तेच जास्त महत्त्वाचं.

ल्युबचं काम इतकंच की क्ले आणि रंग यांच्यामध्ये निसरडा ओला थर राहिला पाहिजे, म्हणजे क्ले वरून घसरत जाते आणि जे वर आलेलं, चिकटलेलं आहे तेवढंच उचलते. पावसात शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायरीवर पाय जसा सटकतो तशी क्ले सटकली पाहिजे, जोर लावायची गरजच पडता नये.

आता साधं पाणी. गाडीवर थोडंफार वॅक्स शिल्लक असेल तर पाण्याचे थेंब थेंब होतात, मधली जागा कोरडी राहते आणि क्ले नेमकी तिथेच अडकते. बिल्ट हॅम्बर कंपनीच्या क्लेसारख्या काही क्ले नुसत्या पाण्यावर चालतील अशाच बनवलेल्या असतात, पण तसं पाकिटावर लिहिलेलं असेल तरच. तुमच्यावर नसेल तर वॉशिंग सेंटरवाल्याचं ऐकू नका.

भांड्यांच्या लिक्विडला फेस भरपूर येतो म्हणून ते निसरडं वाटतं, पण फेस म्हणजे ल्युब नव्हे, उन्हात तो पटकन बसतो आणि खाली पुन्हा पाणीच राहतं. शिवाय ते तेलकटपणा काढायलाच बनवलेलं, त्यामुळे जिथे क्ले मारायची नाही तिथलं पण वॅक्स कमी होणार.

माझी पहिली पसंती रिन्सलेस वॉशला, म्हणजे ज्याने बादलीभर पाण्यात गाडी पुसतात आणि नंतर धुवायची गरज नसते ते. ऑप्टिमम नो रिन्स असेल तर क्लेसाठी साधारण १ भाग लिक्विड आणि ६४ भाग पाणी, म्हणजे १ लिटरला १५ मिली धरा. दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिच्या बाटलीवरचं प्रमाण बघा. स्प्रेच्या बाटलीत भरायचं आणि हात आखडता घ्यायचा नाही, इतकं स्वस्त पडतं की गाडी न्हाऊन निघाली तरी चालेल. खरं सांगायचं तर महाग बाटलीचा त्रास हाच, ल्युब वाईट नसतंच, छान असतं, पण किंमत आठवून माणूस दोन फुसकारे मारतो आणि तेवढ्यावर अर्धं बोनेट काढायला बघतो, ओरखडे तिथेच पडतात.

रिन्सलेस मिळालं नाही तर पीएच न्यूट्रल कार शॅम्पू घ्या, वॅक्स नसलेला, आणि धुवायला करता त्यापेक्षा थोडं घट्ट मिश्रण करा. क्विक डिटेलर, म्हणजे चमक आणायला गाडीवर फवारून पुसतात तो स्प्रे, घरात पडलेला असेल तर तो पण चालतो, फक्त क्लेनंतर काय करायचं ठरवलंय ते आधी बघा. नंतर पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग करणार असाल तर वॅक्स नाहीतर सिलिकॉनवाला डिटेलर नको, तो मागे थर सोडतो आणि वरचं नीट धरत नाही. नुसतं वॅक्सच लावणार असाल तर एवढी काळजी नको.

मिश्रणाला नळाचं पाणी घ्या, किनाऱ्याजवळच्या खारट विहिरीचं नको, सुकल्यावर डाग राहतात. काम सावलीत, सकाळी, पॅनल हाताला थंड लागत असतानाच. मे महिन्यात दुपारी तर विचार पण करू नका, फवारेपर्यंत सुकतं. पॅनलवर फवारा, क्लेवर पण फवारा, साधारण २ फूट बाय २ फूट एवढाच भाग घ्या आणि सरळ रेषेत पुढे-मागे, गोल गोल नाही. क्ले अडकली किंवा चिर्र आवाज आला की थांबा आणि अजून फवारा. हात मोकळा सरकायला लागला की तो भाग झाला, मायक्रोफायबरने पुसा, क्ले दुमडून स्वच्छ बाजू वर घ्या. खाली पडली तर सरळ टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी, कारण तिला लागलेली वाळू कुठल्याही ल्युबने निरुपद्रवी होत नाही.

तुमच्याकडे समुद्राचं मीठ पण असतं पण ते पाण्यात विरघळतं, त्याला नीट धुणं पुरे. क्ले चिकटून बसलेल्या गोष्टींसाठी. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या गाडीवर फिरवून बघा, जिथे खरखर तिथेच मारा, सगळ्या गाडीला उगाच नको. आणि काळा रंग आहे तर क्ले सगळ्यात फाइन ग्रेडची, म्हणजे सगळ्यात कमी घासणारी. एवढं करून पण हलक्या रेषा येऊ शकतात हे धरून चाला, फिनिशिंग पॉलिशचा एक हात ठेवा आणि वर वॅक्स, कारण क्लेने जुनं वॅक्स निघून जातं.

प्रश्न : आमच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात, पांढऱ्या गाडीवर लाल थर बसतो. ल्युब जास्त मारून डायरेक्ट क्ले केली तर चालेल ना?
– वाचक, डिचोली

उत्तर : नाही, अजिबात नाही. तो थर सुटा असतो, आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवा, मग शॅम्पू. धुतल्यावर पांढऱ्या रंगात नारिंगी ठिपके उरले तर ते बहुतेक ब्रेकच्या नाहीतर ग्राइंडिंगच्या लोखंडाचे कण असतात, त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं लिक्विड, मारा, जांभळा रंग ओघळायला लागेल, सुकायच्या आत धुऊन टाका. मग जे राहील त्यालाच क्ले, म्हणजे क्लेवरचा आणि रंगावरचा भार खूपच कमी होतो. तुमच्याकडे वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर दसऱ्याच्या आसपास केलं तर बरं पडेल.

प्रश्न : घरचं खोबरेल आहे, त्याने पण क्ले घसरते. वापरू का?
– वाचक, फोंडा

उत्तर : घसरते पण वापरू नका. तेलाने क्ले मऊ पडते आणि पॅनललाच लागत जाते, नंतर ते पाण्याने जात नाही आणि धूळ धरतं. काजूचा नाहीतर फणसाचा चीक काढायला म्हणून विचारत असाल तर तेवढ्या डागापुरतं तेल लावून चीक मऊ करा, शॅम्पूने धुऊन काढा आणि मग रिन्सलेसवर क्ले मारा.

प्रश्न : मॅट रंगाच्या गाडीला कुठलं ल्युब चांगलं?
– वाचक, मडगाव

उत्तर : मॅटला क्ले मारूच नका, कुठल्याही ल्युबवर नाही. घासलेल्या जागी चमक येते आणि ती पॉलिशने परत घालवता येत नाही. मॅटसाठीचा शॅम्पू घ्या, आणि डाग जात नसेल तर गाडी ज्याच्याकडून घेतली त्यालाच आधी दाखवा.